अण्णांचा कोट आणि मुकादमाची खाज

ता. ६ जानेवारी

चि. डागोबास अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला म्हणून गाल फुगवून बसला असशील. फोनचं नाव काढू नकोस. तुझ्या कानात ते यंत्र आणि माझ्या पाठीशी बॉयलर. मागच्या खेपेला आपण दोघं नुसतेच ओरडत होतो आणि भांडण जुंपलंय असं समजून इस्त्रीवाले काका माझ्यासाठी पाणी घेऊन आले. त्यापेक्षा हे बरं.

लाँड्री चालू आहे, गुडघे कधी चालू कधी बंद. काळजी आहे ती मुकादमाची. अण्णा गेल्यापासून त्यांचा हा कुत्रा म्हणजे माझी सावली झालाय. मी गाठोडी सोडायला बसले की हा पुढचे पाय जोडून समोर बसतो आणि अण्णा असताना जशी सगळ्यांच्या कामावर नजर ठेवायचा तशी माझ्यावर ठेवतो. उगीच का त्यांनी त्याला मुकादम म्हटलं! पण महिनाभर साहेबांचं कामात लक्ष नाही. सारखं खाजवणं चाललंय. आधी वाटलं पिसवा असतील. मग कानाच्या कडा खरखरीत झाल्या, कोपरांवरचे केस गेले, आणि पोटाची कातडी इतकी लाल झाली की मला बघवेना.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पात्याने कातडी जराशी खरवडून काचेवर घेतली आणि मायक्रोस्कोपखाली मलाच बघायला लावलं. एवढासा गोल बटाटा, त्याला आखूड आखूड पाय, आणि तो चालत होता रे! अंगावर काटाच आला. खरूज आहे म्हणाल्या. हे किडे कातडीत बिळं करून राहतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि एका जनावराचे दुसऱ्याला लागतात.

कुणाकडून लागले तेही कळलं. बॉयलरच्या भिंतीला बाहेरून ऊब असते, तिथे थंडीत रस्त्यावरची एक खरजुली कुत्री येऊन निजते. मुकादमाने तिला आपली अर्धी जागा दिली. अण्णांच्या हाताखाली वाढलेला, दुसरं काय करणार! आता औषध दोघांनाही द्यायचंय. शिवाय अंथरूण, पट्टा, ब्रश, सगळं कढत पाण्यातून काढा असं बाई सांगायला लागल्या तेव्हा मला हसूच फुटलं. सांगताय कुणाला, म्हटलं, आमची हयात भट्टीपुढे गेली. पुढे त्या आणखी काहीतरी सांगत होत्या, पण मी मनातल्या मनात पाणी तापवायलाही ठेवलं होतं.

एक विचारू? हे सगळं उरकेपर्यंत त्याला तुझ्याकडे ठेवून घेशील का? इथे गिऱ्हाइकांचे कपडे, त्यांच्या घरी त्यांची कुत्री-मांजरं. आपल्या दुकानातून ही खरूज कुणाच्या घरी गेली तर अण्णांचं नाव जाईल.

लोभ वाढावा, खाज कमी व्हावी.

तुझी
ताई

• • •

ता. १४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हिने मोठ्याने वाचून दाखवलं आणि बटाट्याला पाय फुटले तिथून आम्ही दोघंही जे खाजवायला लागलो ते जेवायला बसेपर्यंत. दिवसभर चष्म्याच्या काचा घासणारा मी, पण असलं काही मला कधी बघायला मिळालं नाही. तुझा हेवा वाटला म्हणावं की दया आली, ठरवता येत नाही.

मुकादमाला इकडे आणायचं म्हटलं तर आमच्या राणीसरकार आडव्या येतात. मांजर म्हातारी, त्यात आजारातून आत्ताच उठलेली. तिच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हे किडे मुख्यतः कुत्र्यांचे, पण मांजराला आणि माणसालाही चावल्याशिवाय राहत नाहीत, तेव्हा दुखणेकरी कुत्रा बरा होईपर्यंत दुसऱ्या जनावराच्या घरात नेऊच नये. हिचा चेहरा एवढासा झाला. तुला नाही म्हणायचं तिच्या फार जिवावर आलं, पण मांजरही तिचा जीव की प्राण. रागावू नकोस.

मला सुचतं ते असं. मागची वाळवणाची खोली त्याला दे. दुकानात गिऱ्हाइकाच्या गाठोड्यांजवळ त्याला फिरकू देऊ नकोस. औषध लावताना हातमोजे घाल, आणि त्याची अंथरुणं वेगळ्या पाण्यात काढ.

वाळवणाच्या खोलीचं लिहिलं आणि मन तिथेच घुटमळलं. ओल्या चादरींच्या रांगांमधून आपण लपाछपी खेळायचो, आणि माझे चिखलाचे हात नेमके दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीला लागायचे. डागोबा नाव तिथेच पडलं. अण्णा मारायचे नाहीत. चादर परत धुऊन वाळत टाकायला लावायचे आणि वाळेपर्यंत मला तिच्याखाली उभं करायचे. आठवतं, एखाद्या शर्टाची खुणेची चिंधी पडली की ते कॉलर नाकाशी धरायचे आणि गिऱ्हाइकाचं नाव सांगायचे? हा पावाच्या भट्टीवाल्याचा, हा शाळामास्तरांचा. मी काचांमध्ये पडलो तो बहुतेक नाकाने नापास झालो म्हणूनच. ते नाक तुला मिळालं.

मुकादमाच्या डोक्यावरून हात फिरव. मोजा घालून.

तुझ्या मायेतला माझा वाटा राणीसरकारांमुळे कमी होऊ नये.

तुझा
डागोबा

• • •

ता. ९ फेब्रुवारी

चि. डागोबास अ. उ. आ.

भावजयीला सांग, मला मुळीच राग नाही. तिच्या जागी मी असते तर मुकादमाला उंबऱ्यालाही उभं केलं नसतं.

तू म्हणालास तसं केलं. त्याची रवानगी मागच्या खोलीत. इस्त्रीवाल्या काकांनी दाराला आडवी फळी ठोकून दिली. रस्त्यावरच्या कुत्रीलाही पोळीत घालून औषध दिलं. ती बया महिन्याभरात अशी तुकतुकीत झाली की ओळखू येत नाही, आणि आता भिंत सोडून कुठेतरी निघूनही गेली. मुकादमही सुधारला होता. कानाला लव आली, खाजवणं थांबलं. मी सुटकेचा श्वास टाकला, आणि आठ दिवस गेले नाहीत तोच पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दुसऱ्यांदा औषध झालं. थोडं बरं, की परत तेच. बाई चक्रावून गेल्यात. घरात धुवायचं काही राहिलं का म्हणून विचारतात. आता काय सांगू त्यांना! त्याची गादी, तिचा अभ्रा, पट्टा, ब्रश, खोलीतले पडदे, पायपुसणं, माझी चादर, माझी उशी, ज्या खुर्चीला तो अंग घासतो तिचं कापड, सगळं भट्टीतून काढलंय, तेही दोन-दोनदा. फळीसुद्धा उकळत्या पाण्याने घासली. काका म्हणाले, आता मलाच तेवढं उकळायचं राहिलंय.

थट्टा करतेय, पण मन थाऱ्यावर नाही. खाजवून खाजवून जखमा झाल्यात, त्या चिघळल्यात. खाणं टाकलंय. आता औषधाची एकच खेप देऊ म्हणाल्या बाई. ती लागू पडली नाही तर एवढं वय झालेल्या जिवाला किती छळायचं, याचा विचार करा म्हणाल्या. कसला विचार ते मी विचारलं नाही. अण्णांच्या मागे त्यांचं बोलतं-चालतं असं एवढंच उरलंय माझ्याकडे.

माझ्याही मानेला आणि खांद्यांना बारीक पुरळ आलंय, मनगटांवरही. संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही दोघं त्या खोलीत बसतो तेव्हा दोघंही खाजवतो. तेवढा वेळ मात्र बरं वाटतं. अण्णा जवळ असल्यासारखं.

असो. माया असू दे, आणि एखादी प्रार्थना येत असेल तर तीही.

तुझी
ताई

• • •

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा हिने वाचलं. मग म्हणाली, मान, खांदे आणि मनगटं. अंगावर काही पांघरलं की नेमकं जिथे लागतं तिथेच वन्संना पुरळ आलंय.

तू काय काय धुतलंस ते सगळं लिहिलंस. त्यात पायपुसणंसुद्धा आहे. रागावणार असशील तर रागाव, पण विचारतो. ताई, गल्ल्यामागच्या खुंटीवरचा अण्णांचा कोट कुठे आहे?

तुझ्या रागावरही माझा हक्क आहे, म्हणून विचारलं.

तुझा
डागोबा

• • •

ता. १८ फेब्रुवारी

चि. डागोबास,

आशीर्वाद आहेतच, ते काही मी मागे घेत नाही.

मोठा शहाणा लागून गेलास. काचा घासता घासता माणसांच्या आरपारही दिसायला लागलं वाटतं. हो, कोट आहे. मुकादमाजवळ आहे. अण्णा गेले तेव्हा तू चार दिवस राहून गेलास. त्यानंतर हा कुत्रा खुंटीखाली उभा राहून कसा रडायचा ते तू ऐकलं नाहीस. कोटाकडे तोंड वर करून. मी तो काढून खाली अंथरला तेव्हा कुठे त्याने डोळे मिटले. दिवसा मी तो त्याच खोलीतल्या कपाटात घालते, संध्याकाळी काढते. आधी थोडा वेळ मी खांद्यावर घेते, मग त्याला देते. त्याला अजून वास आहे रे. कॉलरच्या आत.

लोकर आहे, उकळली तर बाहुलीच्या मापाची होईल, अस्तर फाटेल, हे मी स्वतःला सांगत होते. तुलाही तेच सांगणार होते. पण खरं ते हे की मला धुवायचा नाहीये. गावभरचे कपडे उकळले मी आजवर. लोकांचे घाम धुतले, रक्त धुतलं, लग्नातले डाग धुतले, गेलेल्या माणसांचे शर्टसुद्धा धुऊन, घडी घालून त्यांच्या घरच्यांना दिले. हा एक कोट मी धुणार नाही म्हटलं तर काय बिघडलं?

बिघडलं ते समोर दिसतंय. आज त्याने दुधाकडेही पाहिलं नाही. कोट ठेवला तर कुत्रा जातो, कुत्रा ठेवला तर अण्णा जातात. सांग, काय करू? नको, सांगू नकोस. तू धू म्हणशील आणि मग मी तुझ्याशी बोलणार नाही.

ताई

• • •

ता. २३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

धू म्हणत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगतो, म्हणजे पुढचं वाचशील.

तुझं पत्र आलं तसा मी राणीसरकारांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि सगळी हकीकत सांगितली. कोटाचंसुद्धा. ते हसले नाहीत. म्हणाले, जे धुता येत नाही ते धुवायची गरजच नाही. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, तोंड घट्ट बांधायचं आणि महिनाभर हात लावायचा नाही. हे किडे जिवंत अंगावर जगतात, अंग मिळालं नाही की उपाशी मरतात. कोट कोट राहतो आणि वासही जातो कुठे! बांधलेल्या पिशवीतून तो पळणार आहे थोडाच?

आपल्या घरात स्वच्छ करायचं म्हणजे पाणी, साबण आणि भट्टी. नुसतं बांधून ठेवूनही काही स्वच्छ होतं हे आपल्यापैकी कुणाच्या बापजन्मी डोक्यात आलं नसतं.

तेव्हा महिनाभर फक्त. तेवढ्यात मुकादमाची शेवटची खेप होऊ दे. तुम्हा दोघांनाही जड जाईल, मला कळतंय. लहानपणी अण्णा बाहेरगावी गेले की तू त्यांच्या चपला घालून दुकानभर फट फट फिरायचीस आणि त्या काढायला लावलं की भोकाड पसरायचीस. तेव्हाही ते परत यायचेच. आता येणार नाहीत, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? पण कुत्रा आहे, तो राहायला हवा. मला त्याच्यासाठीच नव्हे, तुझ्यासाठीही हवाय.

पिशवी सोबत पाठवतोय. आमच्या कारखान्यात काचांची खोकी हिच्यात येतात, फाटत नाही.

बोलत राहा, एवढंच मागतो.

तुझा
डागोबा

• • •

ता. २ मार्च

चि. डागोबास अ. उ. आ.

पिशवी पोचली. पत्र वाचून मी तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि त्यांच्यावरच तोंड टाकलं, की हे आधी का नाही सांगितलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उकळा, नाहीतर बांधून ठेवा. मी हसत होते ना तेव्हा! उकळा म्हटल्यावर माझे कान तिथेच मिटले. दुसऱ्या कुणीही दोन्ही ऐकलं असतं. लाँड्रीवाल्याच्या पोरीनेच नेमकं अर्धं ऐकावं, याला काय म्हणायचं!

कोट बांधला. घडी घालताना कॉलर एकदा नाकाशी धरली, खोटं कशाला बोलू. मग गाठ मारली आणि पिशवी काकांच्या हवाली केली. माझ्याकडे ठेवली असती तर मी ती सोडली असती. खोली, मी, माझे कपडे, सगळं पुन्हा एकदा भट्टीतून काढलं. मुकादमाला औषध दिलं, जखमांना पुन्हा गंधकाचं मलम लावलं.

पहिले दोन-तीन दिवस त्याने कपाटाचं दार खरवडलं. माझ्याकडे असं बघत होता की मी त्याच्या घरचं काही चोरलंय. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले. त्याला सांगितलं की मलाही नाही मिळत. काय कळलं त्याला कोण जाणे. काल त्याने दोन घास खाल्ले.

मागच्या पत्रात तुझ्यावर फार तोंडसुख घेतलं. चार दिवस का होईना, तू आला होतास.

माया आहे, ती पिशवीत बांधलेली नाही.

तुझी
ताई

• • •

ता. १९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

दोन घासांची बातमी वाचून हिने शेजारणीलाही सांगितलं. तिला वाटलं, आमच्याकडे कुणी माणूसच आजारी आहे. आता खाजेचं काय, जखमांचं काय, अंगावर केस आले का, सगळं सविस्तर कळव. तुझ्या मानेचंही. चार ओळी खरड, पण खरड.

वाट पाहणारा
डागोबा

• • •

ता. ६ एप्रिल

चि. डागोबास अ. उ. आ.

जीव भांड्यात पडू दे. मुकादम बरा झाला! काल बाईंनी पुन्हा कातडी खरवडून पाहिली, एकही किडा नाही. जखमा भरल्या, कानांना केस आले, शेपटीचं टोक अजून जरा उंदरासारखं आहे, पण त्याला त्याची लाज वाटत नाही. वाडगा चाटूनपुसून माझ्या पायावर आणून टाकतो. माझी मानही साफ. काकांनी फळी काढली आणि साहेब पुन्हा गल्ल्यासमोर रुजू झाले.

आज दुपारी काकांनी पिशवी आणून दिली. दुकानात कुणी नव्हतं. मी खुर्चीवर बसले, गाठ सोडली आणि डोळे मिटून कॉलरमध्ये तोंड खुपसलं.

अण्णा नव्हते रे. कुत्र्याचा वास होता, गंधकाच्या मलमाचा होता, माझ्या साबणाचा होता. अस्तर उलटं केलं, खिसे उलटे केले, बगलेत पाहिलं. कुठेच नाही. पिशवीत गेला नसणार, त्याच्या फार आधी गेला असणार. मी आणि मुकादमाने रोज थोडा थोडा वापरून संपवला, आणि माझ्या या नाकाला कळलंही नाही. मुकादमाला हाक मारली. त्याने बाही हुंगली, शिंकला, आणि बाजूला होऊन बसला. मग मी रडले. अण्णा गेले तेव्हा गिऱ्हाइकं होती, पाहुणे होते, रडायचं राहून गेलं होतं. आज पोटभर रडले.

रडून झाल्यावर कोटाकडे पाहिलं तर तो नुसता मळका कोट होता. कॉलरला काळी पट्टी, बाहीला केस. असा मळका कोट अण्णांनी कुणाचा ठेवून घेतला असता का? मी उठले आणि धुवायला घेतला. भट्टीत नाही, गार पाण्यात, हाताने, दाबून दाबून, पिळायचा नाही, चादरीत गुंडाळून पाणी काढायचं. त्यांनीच शिकवलेलं. हात आपोआप चालत होते.

बॉयलरच्या उबेला वाळत आला तसा टेबलावर घेतला, ओलं फडकं टाकलं आणि इस्त्री टेकवली. वाफ वर आली, आणि डागोबा, तीच! गरम ओली लोकर, साबण, करपायच्या बेतात असलेलं फडकं. आपण शाळेतून येऊन त्यांच्या पोटाला मिठी मारायचो तेव्हा नाकात जायचा तो वास. तो कोटाचा नव्हताच, कामाचा होता. या वाफेत मी रोज उभी असते आणि अण्णा म्हणून कपाटात वेगळंच काहीतरी कोंडत होते.

मुकादम झोपला होता. वाफ त्याच्यापर्यंत गेली आणि तो उठला. शेपटी हलवत टेबलाशी आला, माझ्यापाशी नाही, पलीकडच्या बाजूला, अण्णा उभे राहायचे तिथे. मान वर करून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मी इस्त्री थांबवली नाही. थांबवली असती तर वाफ गेली असती. कोट कधीचा कडक झाला होता, तरी मी फडकं पुन्हा पुन्हा भिजवत होते आणि पुन्हा पुन्हा फिरवत होते.

उद्या तो तुझ्याकडे पाठवतेय. बाह्या तुला आखूड होतील, तरी घाल. राणीसरकारांनी त्यावर बसायला हरकत नाही, स्वच्छ आहे.

आम्हा दोघांचा तुम्हा तिघांवर फार जीव आहे, तसाच तुमचाही असू द्या.

तुझी
ताई